किनेज चालू होताना काय हलतं? सिम्युलेशनविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीत निरोप पोचवणारी एन्झाइम्स चालू-बंद होताना आपला आकार बदलतात आणि तो बदल संगणकावर एकेका अणूपर्यंत जाऊन पाहता येतो. यालाच इथे सिम्युलेशन म्हटलं आहे. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, बायोटेक, फार्मसी शिकणारी मुलं आणि घरात कुणाला कॅन्सरच्या गोळ्या चालू आहेत असे वाचक याबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी सार्क (लिहिताना एसआरसी) हे किनेज घेतलं आहे, कारण त्याच्यावर प्रयोगही भरपूर झालेत आणि सिम्युलेशनही.

किनेज म्हणजे काय?

एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूच्या टोकाचा फॉस्फेट काढून तो दुसऱ्या प्रथिनावर बसवणारं एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर. प्रथिनात तो फॉस्फेट बहुतेक वेळा सेरिन, थ्रिओनिन किंवा टायरोसिन या अमिनो आम्लावर बसतो. त्याच्यावर जवळजवळ दोन एकक ऋणभार असतो, त्यामुळे आजूबाजूचे धनभार त्याच्याकडे ओढले जातात आणि प्रथिनाची घडी बदलू शकते. २००२ साली माणसाच्या जनुकसंचात मोजदाद झाली तेव्हा ५१८ किनेज निघाली. पेशीने वाढायचं, विभागायचं की मरायचं, या निर्णयांच्या साखळीत जागोजागी किनेज असतात. म्हणूनच एखादं किनेज चुकीच्या वेळी चालू राहिलं तर कॅन्सर होऊ शकतो.

सार्कच का?

कारण सगळी गोष्ट तिथून सुरू होते. १९११ साली पेटन राउस यांनी दाखवलं की कोंबड्यांमधला एक ट्यूमर विषाणूमुळे पसरतो. पुढे बिशप आणि व्हार्मस यांनी सिद्ध केलं की विषाणूतलं ते जनुक मुळात कोंबडीच्या स्वतःच्या पेशीतलंच आहे, विषाणूने ते उचललेलं आहे. त्यांना १९८९ चं नोबेल मिळालं. पेशीतल्या सार्कच्या शेपटीला ५२७ क्रमांकाचं टायरोसिन असतं. त्यावर फॉस्फेट बसला की शेपटी सार्कच्याच दुसऱ्या भागाला चिकटते आणि एन्झाइम बंद राहतं. विषाणूतल्या सार्कला हा शेपटीचा तुकडाच नाही. ते बंद होण्याची सोयच राहिलेली नाही.

जाता जाता एक सूचना: सार्कमधले ५२७, ४१६ हे क्रमांक कोंबडीच्या प्रथिनाचे आहेत आणि संशोधक अजूनही तेच वापरतात. माणसाच्या सार्कमध्ये हीच टायरोसिन्स ५३० आणि ४१९ वर येतात. शोधनिबंध वाचताना नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो.

स्फटिकांवरून रचना मिळाली आहे, मग सिम्युलेशन कशाला?

प्रथिनाचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण टाकले की त्याची रचना काढता येते, आणि अशा रचना मिळाल्या हे खरं आहे. १९९१ मध्ये सुझन टेलर यांच्या गटाने पीकेए या किनेजची पहिली रचना काढली. १९९७ मध्ये सार्क आणि त्याचा भाऊबंद एचसीके यांच्या बंद अवस्थेतल्या रचना आल्या. आज प्रोटीन डेटा बँकेत किनेजच्या हजारो रचना आहेत. पण स्फटिकात मिळते ती एक स्थिर अवस्था. बंद अवस्थेची एक रचना आहे, चालू अवस्थेची एक आहे, आणि मधला रस्ता रिकामा आहे. आधी काय हललं, नंतर काय हललं, मध्ये प्रथिन कुठे रेंगाळलं, हे त्या दोन रचना शेजारी ठेवून कळत नाही. मधल्या अवस्था क्षणिक असतात, त्यामुळे त्यांचे स्फटिक सहसा मिळत नाहीत. नेमक्या याच अवस्थांमध्ये औषध बसण्याजोग्या जागा उघडतात, म्हणून त्या पाहण्याची धडपड.

चालू होताना नेमकं काय हलतं?

इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे. किनेजचा मुख्य भाग दोन खंडांचा असतो: वरचा लहान, खालचा मोठा, आणि मधल्या खाचेत एटीपी बसतं. हालचाल होते ती प्रामुख्याने तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण म्हणजे ॲक्टिव्हेशन लूप, प्रथिनाच्या साखळीचा एक लवचीक पट्टा. सार्कमध्ये ४१६ क्रमांकाचं टायरोसिन याच लूपवर आहे. बंद अवस्थेत हा लूप आत दुमडलेला असतो, त्याच्या एका भागाने छोट्या हेलिक्सचा, म्हणजे स्प्रिंगसारख्या वेटोळ्याचा, आकारही घेतलेला असतो, आणि ते टायरोसिन आत दडलेलं असतं. ज्या प्रथिनावर फॉस्फेट बसवायचा त्याला तिथे जागाच मिळत नाही. चालू अवस्थेत लूप उलगडून बाहेर येतो.

दुसरं ठिकाण वरच्या खंडातलं, सी-हेलिक्स. त्यावर ३१० क्रमांकाचं ग्लुटामेट आहे, ऋणभाराचं. बंद अवस्थेत हेलिक्स बाहेरच्या बाजूला वळलेलं असतं आणि हे ग्लुटामेट ४०९ क्रमांकाच्या आर्जिनिनला धरून बसतं. चालू होताना हेलिक्स आत वळतं, ग्लुटामेट आर्जिनिनला सोडतं आणि २९५ क्रमांकाच्या लायसिनला धरतं. ते लायसिन एटीपीच्या फॉस्फेटांना जागेवर ठेवतं. म्हणजे एका ग्लुटामेटने जोडीदार बदलला की एटीपी योग्य तऱ्हेने बसण्याची व्यवस्था होते. माझ्या मते सगळ्या किनेजशास्त्रातली ही सर्वांत देखणी हालचाल आहे. एकेका अणूच्या अंतरावर मोजता येते, आणि तिच्यावर पेशीचं भवितव्य अवलंबून असतं.

तिसरं ठिकाण म्हणजे डीएफजी, ॲस्पार्टेट-फेनिलॲलनिन-ग्लायसिन हा लूपच्या सुरुवातीचा त्रिक. काही किनेजमध्ये हा त्रिक पूर्ण उलटा फिरतो: ॲस्पार्टेट बाहेर, फेनिलॲलनिन आत. ॲबल या किनेजमध्ये इमॅटिनिब हे औषध नेमक्या या फिरलेल्या अवस्थेला जाऊन बसतं.

संगणकात हे करतात कसं?

प्रथिनाचे सगळे अणू एका आभासी डब्यात ठेवतात, भोवती पाणी भरतात, क्षार घालतात. किनेजच्या एका मुख्य भागासाठी पाण्यासकट साधारण ४० ते ६० हजार अणू होतात. प्रत्येक अणूवर बाकीच्यांचं किती बल लागतं हे ठरवणाऱ्या सूत्रांच्या संचाला फोर्स फील्ड म्हणतात. चार्म आणि अँबर हे दोन नेहमीच्या वापरातले. बल कळलं की न्यूटनच्या नियमाने अणू पुढच्या क्षणी कुठे असेल ते काढायचं, पुन्हा बल काढायचं, पुन्हा पुढे सरकायचं. हायड्रोजनचे बंध फार वेगाने कंप पावतात, म्हणून एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांपेक्षा मोठं घेता येत नाही. (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग.)

याची मुळं जुनी आहेत. हैदराबादचे अनिसुर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत अरगॉन प्रयोगशाळेत द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंचं सिम्युलेशन केलं. खऱ्या द्रवाचं असं हे पहिलं काम. प्रथिनाचं पहिलं सिम्युलेशन १९७७ चं, मॅकॅमन, गेलिन आणि कारप्लस यांचं. प्रथिन छोटं होतं, पाणी नव्हतं आणि वेळ जेमतेम ९ पिकोसेकंद. कारप्लस यांना लेव्हिट आणि वॉर्शेल यांच्यासोबत २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एवढे वेगवान संगणक असूनही इतका वेळ का लागतो?

हिशोब करून बघा. २ फेम्टोसेकंदांचं एक पाऊल धरलं तर १ मायक्रोसेकंदाला ५० कोटी पावलं लागतात. १ मिलिसेकंदाला ५०,००० कोटी. आणि किनेजचा पूर्ण आकारबदल बहुधा मायक्रोसेकंद ते मिलिसेकंदांच्या घरात घडतो, कधी त्याहूनही सावकाश.

त्यात आणखी एक मेख आहे. प्रत्यक्ष बदल झटपट होतो, वेळ जातो तो वाट बघण्यात. आडगावच्या फाट्यावर एसटीची वाट बघावी तसं: दोन तास रस्ता रिकामा, आणि गाडी आली की मिनिटभरात निघूनही जाते. साध्या सिम्युलेशनमध्ये संगणकाचा जवळजवळ सगळा वेळ त्या रिकाम्या रस्त्यावर खर्च होतो.

यावर तीन मार्ग निघाले. एक, खास यंत्र बांधणं. डी. ई. शॉ रिसर्च या संस्थेने २००८ मध्ये फक्त याच कामासाठी अँटन नावाचा संगणक उभा केला, आणि २०१० मध्ये त्यांनी एका छोट्या प्रथिनाचं सलग १ मिलिसेकंदाचं सिम्युलेशन प्रसिद्ध केलं. १९७७ मध्ये अभ्यासलेलंच ते प्रथिन. मधल्या काळात पल्ला दहा कोटी पटींहून जास्त वाढला. दोन, अवस्थांमधला चढ ओलांडायला गणिताने मदत करणं. मेटाडायनॅमिक्स, अंब्रेला सॅम्पलिंग ही त्यातली नेहमी ऐकू येणारी नावं. तीन, एकच लांब सिम्युलेशन करण्याऐवजी रस्त्यावरच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून हजारो छोटी सिम्युलेशन सोडायची. प्रथिन एका अवस्थेतून दुसरीत किती वेळा गेलं ते मोजायचं आणि त्या संभाव्यतांवरून पूर्ण प्रवास बांधायचा. याला मार्कोव्ह स्टेट मॉडेल म्हणतात.

सार्क पूर्ण चालू होताना कुणी पाहिलं आहे का?

हो, याच तिसऱ्या मार्गाने. दिवाकर शुक्ल, यिलिन मेंग, बेन्वा रू आणि विजय पांडे यांचं हे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. जगभरातल्या लोकांनी आपापले घरचे संगणक फोल्डिंग ॲट होम या प्रकल्पाला दिले होते, त्यावर छोटी-छोटी सिम्युलेशन चालली आणि सगळी मिळून सुमारे ५५० मायक्रोसेकंद झाली. त्यातून क्रम दिसला: आधी ॲक्टिव्हेशन लूप उलगडतो, मग सी-हेलिक्स आत वळतं आणि वर सांगितलेली ग्लुटामेटची जोडी बदलते. दोन्ही एकदम होत नाहीत.

मध्ये काही काळ टिकणाऱ्या अवस्थाही सापडल्या. त्यांपैकी एकीत सी-हेलिक्सजवळ एक खळगा उघडतो. सीडीके२ या वेगळ्या किनेजमध्ये साधारण त्याच जागी एएनएस नावाचा रेणू बसलेला स्फटिकात आधीच दिसला होता. एटीपीची जागा सगळ्या किनेजमध्ये सारखी असते, त्यामुळे तिथे बसणारं औषध नको त्या किनेजलाही बंद करतं. असा बाजूचा खळगा म्हणूनच मोलाचा.

फॉस्फेट बसल्यावर आकार बदलतो, की आकार आधी बदलतो?

पाठ्यपुस्तकात "फॉस्फेट बसतो आणि एन्झाइम चालू होतं" असं एका वाक्यात उरकलेलं असतं. सिम्युलेशनमधून दिसतं ते वेगळं आहे, आणि या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. फॉस्फेट नसतानाही किनेज अधूनमधून स्वतःहून चालू आकारात जाऊन येतं. दोन्ही अवस्था कायम उपलब्ध असतात, फरक असतो तो प्रमाणात. फॉस्फेट नसेल तर बंद आकाराकडे कल, असेल तर चालू आकाराकडे. मेंग आणि रू यांनी सार्कसाठी ऊर्जेचे नकाशे काढून हेच दाखवलं: ४१६ च्या टायरोसिनवर फॉस्फेट बसला की चालू आकार पक्का होतो.

आणि तर्काने पाहिलं तरी हे पटतं. बंद अवस्थेत ते टायरोसिन आत दडलेलं आहे. लूप आधी थोडा उलगडल्याशिवाय त्यावर फॉस्फेट बसवणार कसा? फॉस्फेट, म्युटेशन (जनुकातला बदल), औषध, शेजारचं प्रथिन, ही सगळी हा कलच इकडेतिकडे सरकवतात.

संगणकात दिसलं म्हणजे खरं कशावरून?

हा प्रश्न प्रत्येकाने विचारलाच पाहिजे. नुसता सुंदर व्हिडिओ दाखवून काही सिद्ध होत नाही. सिम्युलेशनने असं भाकीत करावं जे प्रयोगशाळेत खोटं ठरू शकेल, आणि मग तो प्रयोग करून बघावा.

याचं माझं आवडतं उदाहरण ॲबलचं आहे, २००९ चं, डी. ई. शॉ रिसर्चच्या यिबिंग शान आणि सहकाऱ्यांचं. सिम्युलेशनमध्ये डीएफजी उलटा फिरताना दिसला, आणि ऊर्जेच्या हिशोबावरून असं निघालं की त्यातल्या ॲस्पार्टेटवर प्रोटॉन आहे की नाही यावर ते फिरणं ठरतं. हे खरं असेल तर इमॅटिनिब ॲबलला बसण्याचा वेग द्रावणाच्या पीएचप्रमाणे बदलायला हवा. आणि ते ॲस्पार्टेटच म्युटेशनने काढून टाकलं तर पीएचचा परिणाम नाहीसा व्हायला हवा. प्रयोग केले. दोन्ही गोष्टी तशाच निघाल्या. सिम्युलेशनवर विश्वास ठेवायचा तो अशा कामामुळे.

याशिवाय एनएमआर या चुंबकीय क्षेत्र वापरणाऱ्या पद्धतीने अवस्थांचं प्रमाण मोजता येतं, आणि हायड्रोजन-ड्युटेरियम अदलाबदलीने प्रथिनाचा कोणता भाग सैल आहे ते कळतं. दोन्हींशी सिम्युलेशन ताडून बघतात.

कॅन्सरच्या म्युटेशनचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरचा रिपोर्ट पाहिला असेल तर त्यात ईजीएफआर हे एका किनेजचं नाव आणि एल८५८आर ही म्युटेशन कदाचित वाचली असेल. ८५८ क्रमांकाच्या ल्युसिनच्या जागी आर्जिनिन आलं, एवढाच तो बदल. ईजीएफआर चालू होण्यासाठी दोन किनेज जवळ यावी लागतात आणि एकाने दुसऱ्याच्या सी-हेलिक्सच्या बाजूला टेकावं लागतं. ही असमान जोडी २००६ मध्ये कुरियन यांच्या प्रयोगशाळेने दाखवली. २०१२ मध्ये शान आणि सहकाऱ्यांना लांब सिम्युलेशनमध्ये आढळलं की निरोगी ईजीएफआरचा नेमका हा टेकण्याचा भाग अस्ताव्यस्त, विस्कटलेला असतो. एल८५८आर झालं की तो नीट बसतो, जोडी सहज जमते, आणि किनेज विनाकारण चालू राहतं.

मग यावरून माझ्या नातेवाइकाची गोळी ठरवता येईल का?

नाही. गोळी ठरते ती ट्यूमरच्या जनुकीय तपासणीवर आणि रुग्णांवरच्या चाचण्यांवर. ईजीएफआरच्या बाबतीत अशी एक महत्त्वाची चाचणी मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये झाली आहे: ३५० रुग्ण, नुसतं जेफिटिनिब (ईजीएफआर बंद करणारी गोळी) विरुद्ध जेफिटिनिब आणि केमोथेरपी एकत्र. आजार पुढे न सरकण्याचा मध्यक (मीडियन) काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. उपचाराचा निर्णय अशा पुराव्यावर तुमचे डॉक्टर घेतात. सिम्युलेशनचा उपयोग त्याच्या कितीतरी आधी, औषध शोधताना होतो.

औषध शोधताना खरंच उपयोग झाला आहे का?

इमॅटिनिब २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते सिम्युलेशनमुळे नव्हे. (भारतात ते नाव ग्लिव्हेकच्या, म्हणजे याच औषधाच्या ब्रँडच्या, पेटंटच्या खटल्यामुळे घरोघरी पोचलं, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ एप्रिल २०१३ चा.) पण इमॅटिनिबने एक कोडं मात्र टाकलं. ॲबल आणि सार्क दिसायला सख्खी भावंडं, औषध बसण्याची जागा जवळजवळ सारखी, तरी इमॅटिनिब ॲबलला सार्कपेक्षा हजारो पटींनी घट्ट बसतं. २००७ मध्ये सार्कला बसलेल्या इमॅटिनिबची रचना आली तेव्हा ती ॲबलसारखीच निघाली. फरक रचनेत नसून त्या रचनेपर्यंत पोचायच्या किमतीत आणि प्रथिनाच्या हालचालीत आहे, हे तिथून पुढच्या कामात उलगडत गेलं.

हालचालीकडे पाहून सुरुवातीपासून औषध घडवल्याचं उदाहरण म्हणजे लिराफुग्राटिनिब. एफजीएफआर१ आणि एफजीएफआर२ या दोन किनेजच्या स्थिर रचना फार सारख्या आहेत. लांब सिम्युलेशनमध्ये मात्र एटीपीवर येणाऱ्या पी-लूप या पट्ट्याची हालचाल दोघांत वेगळी दिसली. त्या फरकावर बोट ठेवून फक्त एफजीएफआर२ ला धरणारा रेणू बनवला गेला आणि तो रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचला. एफजीएफआर१ ही बंद पडलं तर रक्तात फॉस्फेट वाढतं, ते टाळायचं होतं.

अल्फाफोल्ड आल्यावर याची गरज उरली का?

उरली. अल्फाफोल्ड अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचना सांगतं, आणि २०२४ च्या नोबेलला ते काम पात्रच होतं. पण ते सहसा एकच रचना देतं. किनेज दोन अवस्थांमध्ये किती प्रमाणात विभागलं आहे, एकीतून दुसरीत जायला किती वेळ लागतो, एका म्युटेशनने कल किती सरकतो, हे त्यातून मिळत नाही. सिम्युलेशन सुरू करायला जागा मिळवण्यासाठी मात्र ते फार कामाचं आहे.

सिम्युलेशन कुठे कमी पडतं?

साध्या सिम्युलेशनमध्ये रासायनिक बंध तुटत नाहीत, जुळत नाहीत. एटीपीवरून फॉस्फेट टायरोसिनवर जाण्याची क्रिया पाहायची तर तेवढ्या भागाला क्वांटम यांत्रिकी लावावी लागते. ही पद्धत वॉर्शेल आणि लेव्हिट यांनी १९७६ मध्ये दिली. प्रोटॉन कुठे आहे हे सुरुवातीला तुम्हीच ठरवता आणि ते मग तसंच राहतं; ॲबलच्या उदाहरणावरून कळेल की हे किती महागात पडू शकतं. फोर्स फील्ड अंदाजे असतात. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम यांच्यासारख्या जास्त भाराच्या गोष्टींत त्यांच्या चुका जास्त जाणवतात, आणि किनेजमध्ये नेमकं तेच भरलेलं आहे. सर्वांत मोठी अडचण मात्र पुरेशी हालचाल न होण्याची. जे दिसलं नाही ते घडत नाही, असा निष्कर्ष कधीही काढू नका.

मला हे घरी करून बघता येईल का?

येईल, आणि जरूर करा. ग्रोमॅक्स हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर मोफत आहे. नॅमडीही शैक्षणिक वापरासाठी मोफत आहे. इलिनॉय विद्यापीठात क्लाउस शुल्टन यांच्या गटाने ते बनवलं, आणि हजारो प्रोसेसरांवर ते चालतं ते लक्ष्मीकांत काळे यांच्या चार्म++ या प्रणालीवर (वरचं चार्म फोर्स फील्ड वेगळं). गेमिंगसाठी घेतलेलं बऱ्यापैकी ग्राफिक कार्ड असेल तर एका किनेजचं दिवसाला शंभर-दोनशे नॅनोसेकंद काम सहज होतं. नुसत्या लॅपटॉपवर त्याहून खूप कमी, पण शिकायला पुरेसं. मोठं काम असेल तर आपल्या विभागातून विचारणा करा: पुण्यात सी-डॅक आहे, आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे.

सुरुवात कुठून करू?

प्रोटीन डेटा बँकेतून दोन रचना उतरवून घ्या: बंद सार्कसाठी २एसआरसी, चालूसाठी १वाय५७. फक्त किनेजचा भाग ठेवा, न दिसणारे तुकडे भरून घ्या, पाण्यात सोडा. मग दोनच अंतरं मोजा: ग्लुटामेट ३१० ते लायसिन २९५, आणि ग्लुटामेट ३१० ते आर्जिनिन ४०९. वेळेनुसार दोन्हींचा आलेख एकाच कागदावर काढा. फायलीत क्रमांक माणसाचे आहेत की कोंबडीचे ते आधी तपासा. प्रत्येक रचनेचे निदान तीन रन करा, दर वेळी अणूंना सुरुवातीचे वेग वेगळे द्या. काहीशे नॅनोसेकंदांत बंद सार्क पूर्ण चालू होणार नाही, ते अपेक्षितच आहे; पण ग्लुटामेट आर्जिनिनला किती घट्ट धरून आहे आणि कधी सैल सोडतं, हे तेवढ्यातही दिसतं. नंतर ४१६ वर फॉस्फेट बसवून चालू रचनेचे तेच रन पुन्हा करा आणि आलेख शेजारी ठेवा.